आधीच्या हातांच्या खुणा

ट्रॅकवर पळवण्यासाठी वापरलेली मोटरसायकल घेतली की तिच्याबरोबर आधीच्या मालकांनी तिच्यावर घेतलेले सगळे निर्णयही घरी येतात. रस्त्यावरची गाडी सहसा कारखान्यातून निघाली तशीच राहते. फार तर तिचे आरसे बदलतात, सीट नव्याने शिवून घेतली जाते. ट्रॅकची गाडी मात्र उघडली जाते, हलकी केली जाते, पडते, उचलली जाते, पुन्हा उभी राहते, आणि त्या प्रत्येक वेळी कोणीतरी काहीतरी ठरवलेले असते. कोणी स्प्रिंग बदललेली असते, कोणी वायर कापलेली असते, कोणी पुढे एक दात कमी असलेला स्प्रॉकेट, म्हणजे साखळीचे दातेरी चाक, बसवलेला असतो. ते कशासाठी केले, हे बहुधा कोणी लिहून ठेवत नाही. माझी गाडी नीट व्हायला जे काही महिने लागले, ते मुख्यतः हे न लिहिलेले वाचण्यात गेले, आणि तीच गाडी बाळगणाऱ्या तीन-चार माणसांनी मला ते वाचायला शिकवले.

गाडी सुझुकी एसव्ही ६५०. हे मॉडेल १९९९ साली आले आणि २००३ साली त्याला फ्युएल इंजेक्शन मिळाले. माझी त्याआधीच्या पिढीतली, दोन कार्ब्युरेटरची. इंजिन ६४५ सीसीचे, एकमेकांशी ९० अंशांचा कोन करणारे दोन सिलिंडर असलेले. या कोनामुळे पिस्टनांचे मुख्य हादरे एकमेकांना आपोआप तोलतात आणि इंजिनाला वेगळा बॅलन्सर लागत नाही. इंजिन उत्तम, सांगाडा ॲल्युमिनियमचा आणि हलका, पण सस्पेन्शन मात्र काटकसरीने बनवलेले, अशी ही गाडी आहे. त्यामुळे ती ट्रॅकवर नेणाऱ्या प्रत्येकाला त्याच चार-पाच गोष्टी दुरुस्त कराव्या लागल्या आणि त्या दुरुस्त्यांचे ज्ञान मालकांमध्ये साठत गेले.

पहिल्या दिवशी फेअरिंग, म्हणजे गाडीचे बाहेरचे कवच, काढून मी नुसता बघत बसलो होतो. ऑइल काढायच्या बोल्टच्या डोक्याला बारीक भोक पाडून त्यातून स्टेनलेसची तार ओवलेली होती आणि ती सारख्या पिळाची, बोल्ट सैल होऊ लागला तर त्याला घट्ट होण्याच्या दिशेने ओढून धरेल अशी बांधलेली होती. ऑइल फिल्टरभोवती क्लॅम्प होता, त्यालाही तशीच तार. ट्रॅकवर सांडलेले ऑइल मागून येणाऱ्याच्या जिवावर बेतू शकते, म्हणून ही तार बांधतात, आणि ही बांधणाऱ्याला ते मनापासून ठाऊक होते. मग मी पुढे हेडलाइटच्या जागी पाहिले. तिथे कापलेल्या वायरी हाताने पिळून त्यांवर काळी टेप गुंडाळलेली होती. उष्णतेने टेपचा डिंक वितळून बोटांना चिकटत होता. तार बांधणारा हात आणि टेप गुंडाळणारा हात एकच असणे शक्य नव्हते. म्हणजे या गाडीला किमान दोन मालक होऊन गेले होते, एक जपणारा आणि एक घाईतला, आणि कुठला बोल्ट कोणाच्या हातचा हे मला शोधायचे होते.

ज्यांचा सल्ला मी घेत होतो, त्यांतल्या एका ताईंकडे हीच गाडी अनेक वर्षे आहे आणि कार्ब्युरेटर त्या ज्या शांतपणे उघडतात ते पाहत राहावे असे असते. दुसरे एक काका, आयुष्य लेथ मशिनवर गेलेले, बोटांनी माप ओळखणारे. बाकीचे दोघे माझ्या वयाचे, माझ्यापेक्षा कितीतरी वेगवान, आणि गाडीच्या वागण्याबद्दल ठाम मते असलेले.

पहिला प्रश्न इंजिनाचा निघाला. गाडी आणली, चिखल-ग्रीस काढायला पाण्याचा फवारा मारून स्वच्छ धुतली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती मिसिंग करू लागली. कमी आरपीएमवर धडधड, थ्रॉटल उघडला की दम नाही, वर गेले की अधूनमधून ठीक. गाडी बरेच दिवस उभी होती आणि उभ्या गाडीतले पेट्रोल सुकून कार्ब्युरेटरच्या पायलट जेटमध्ये, म्हणजे कमी वेगावर पेट्रोल सोडणाऱ्या बारीक छिद्रात, चिकट थर धरते, हे मला माहीत होते. मी टाकी उतरवली, एअरबॉक्स काढला, दोन्ही कार्ब्युरेटर सुटे करून एकेक जेट उजेडाकडे धरून पाहिला आणि साफ केला. त्यात पूर्ण दिवस गेला. एका पायलट जेटमध्ये थोडा थर होताही, त्यामुळे निदान बरोबर आले असे वाटून मी सगळे परत जोडले. गाडी सुरू केली. मिसिंग तसेच.

संध्याकाळी ताईंना फोन केला आणि दिवसभर काय काय केले ते सांगू लागलो. त्यांनी ते ऐकून घेतले आणि एकच विचारले, "मिसिंग सुरू व्हायच्या आदल्या दिवशी तू गाडीला काय केलंस?"

"काही नाही. फक्त धुतली."

"मग पुढच्या सिलिंडरच्या सायलेन्सर पाइपवर, अगदी इंजिनाजवळ, पाण्याचे दोन थेंब टाकून बघ. इंजिन सुरू केल्यावर लगेच टाक."

मागच्या पाइपवर थेंब चरचरून उडाले. पुढच्यावर ते तसेच ओघळत खाली गेले. पाइप कोमट होता. पुढचा सिलिंडर पेटतच नव्हता.

या इंजिनाचा पुढचा सिलिंडर जवळजवळ आडवा, पुढच्या चाकाच्या मागे असतो आणि त्याचा स्पार्क प्लग एका खोल विहिरीत बसतो. चाकाने उडवलेले पाणी आणि चिखल थेट त्या बाजूला येतात. विहिरीत शिरलेले पाणी वाहून जावे म्हणून सिलिंडर हेडच्या बाजूला एक बारीक भोक ठेवलेले असते. पण ते भोकच मातीने बुजले, तर पाणी आत साठते आणि ठिणगी प्लगच्या टोकाशी पडायच्या ऐवजी त्या पाण्यातून बाहेरच्या बाहेर निघून जाते. मी प्लगची टोपी ओढली, तेव्हा ती ओल्या तोंडाने पचकन निघाली. टॉर्चच्या उजेडात आत पाणी चकाकत होते आणि प्लगच्या षटकोनी भागावर गंजाची तांबडी साय होती. ताईंच्या सांगण्यावरून एक पातळ तार त्या बाजूच्या भोकात घातली. दोन-तीनदा ती अडली, मग एकदम आत सरकली, आणि आधी भाकरीच्या पिठासारखा घट्ट चिखल, मग चहासारखे तांबूस पाणी, धारेने इंजिनावरून खाली आले. विहीर कोरडी केली, प्लग बदलला, टोपीच्या रबराला सिलिकॉन ग्रीस लावले. सगळे मिळून अर्धा तासही लागला नाही. गाडी दोन्ही सिलिंडरांवर अशी काही सुरू झाली की मी ती नुसती ऐकत उभा राहिलो.

मिसिंगची कारणे कोणत्याही चांगल्या मॅन्युअलमध्ये मिळतात. त्यांतले कोणते कारण या एका मॉडेलमध्ये सगळ्यात आधी दार ठोठावते, हे मात्र ज्याच्या हातून तेच पाणी आधी काढले गेले आहे त्यालाच ठाऊक असते. शिवाय ताईंनी उत्तर दिले नव्हते, आधी प्रश्न विचारला होता. मी त्यांना माझे निदान सांगत होतो आणि त्यांना हवा होता घटनांचा क्रम.

हाच धडा मला दुसऱ्यांदा, आणि अधिक खोलात, गाडीच्या वळण्याबद्दल मिळाला. पहिल्याच ट्रॅकच्या दिवशी लक्षात आले की गाडी वळणात शिरायला नाखूश आहे. ढकलून शिरवली की पुढे हव्या त्या रेषेवर राहत नाही, आणि सरळ पट्ट्यावर वेग वाढला की किंचित डुलते. मी हे सगळ्यांना सांगितले. एक मित्र म्हणाला, फोर्कच्या (पुढचे चाक धरणाऱ्या दोन पायांच्या) नळ्या क्लॅम्पमध्ये पाच मिलिमीटर वर सरकव, पुढचा भाग खाली येईल आणि गाडी चटकन वळेल. दुसरा म्हणाला, या गाडीला मूळचे पुढचे टायर १२०/६० मापाचे असते, तू १२०/७० बसव, त्याचा आकार वळायला अधिक चांगला. तिसरे मत मागच्या शॉकॲब्सॉर्बरचा प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगला आधीच दिलेला दाब, वाढवण्याचे होते. यांतला एकही सल्ला चुकीचा नव्हता. प्रत्येकाने आपल्या गाडीवर तो करून पाहिला होता आणि त्याचा गुण त्यांना आला होता. अडचण अशी होती की प्रत्येक सल्ला धड असलेल्या गाडीसाठी होता.

काका बोलले नाहीत. ते आले, पुढचे चाक जमिनीपासून सुटेल अशी गाडी उचलून घ्यायला लावली, आणि मला म्हणाले, "डोळे मीट. दोन बोटांनी हँडल धर, आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अगदी सावकाश ने."

हँडल मऊपणे सरकत गेले आणि बरोबर मध्यावर, चाक सरळ होण्याच्या जागी, बोटांना अगदी हलकी खळगी लागली. पुढे नेताना ती ओलांडावी लागली. परत आणले, पुन्हा तिथेच. डोळे उघडे असते तर मला ती कदाचित जाणवलीही नसती.

हँडलच्या दांड्यातल्या बेअरिंगला मेकॅनिक लोक कोनसेट म्हणतात. गाडीचे बहुतेक आयुष्य चाक सरळ असतानाच जाते. त्यामुळे पुढचे चाक जितके वेळा आदळते, तितके वेळा त्यातले छर्रे कड्यांच्या त्याच जागांवर आपटतात आणि हळूहळू तिथे खळ्या पडतात. मग हँडल त्या खळीत बसून राहते. वेगात सरळ जाणारी मोटरसायकल खरे तर स्वतःला सतत इवल्या इवल्या हालचालींनी सावरत असते. खळीत अडकलेले हँडल त्या हालचाली करू देत नाही, म्हणून गाडी डुलते, आणि वळणात शिरतानाही आधी त्या खळीतून बाहेर काढावी लागते. जुनी कडी ठोकून काढल्यावर त्यांवर सारख्या अंतरावर पडलेले डाग दिसले, बोटाचे नख अडेल इतके खोल. नवी कडी काकांनी रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवायला लावली होती; थंडीने ती केसभर आकसतात आणि सांगाड्यातल्या जागेत कमी ठोक्यांत, तिरपी न होता बसतात. वरचा नट किती आवळायचा हेही त्यांनी हाताने दाखवले: चाक अधांतरी असताना हँडल मध्यावरून हलकेच ढकलले, तर ते आपल्या वजनाने कडेला पडले पाहिजे, पण फोर्क धरून पुढेमागे हलवला तर खुटखुट अजिबात येता कामा नये.

पुढच्या वेळी ट्रॅकवर गाडी न डुलता सरळ गेली आणि मनात आणताच वळली. फोर्कच्या नळ्या, टायर, प्रीलोड, यांतले काहीच मी हलवले नव्हते. आधी ते तिन्ही सल्ले मानले असते तर खळी तशीच राहिली असती आणि तिच्यावर आणखी तीन निर्णय रचले गेले असते. या गाडीच्या आधीच्या मालकांपैकी कोणीतरी नेमके हेच केले असावे, असे मला पुढे फोर्क उघडल्यावर वाटले.

फोर्कची गोष्ट अशी. सस्पेन्शन बसवताना सगळ्यात आधी सॅग मोजतात, म्हणजे चालक पूर्ण पोशाखात गाडीवर बसल्यावर फोर्क किती दबतो ते. सील आणि नळी यांच्यातल्या घर्षणामुळे हे माप फसवते, म्हणून गाडी खाली दाबून सावकाश सोडायची आणि एकदा मोजायचे, वर उचलून सावकाश सोडायची आणि पुन्हा मोजायचे, आणि दोन्हींची सरासरी घ्यायची. ट्रॅकसाठी पुढे साधारण ३५ मिलिमीटर सॅग ठीक मानतात. माझा ५२ आला, तोही प्रीलोडचे स्क्रू पूर्ण आत आवळलेले असताना. म्हणजे मूळच्या मऊ स्प्रिंगला कोणीतरी प्रीलोडने कडक करायचा प्रयत्न केला होता. प्रीलोडने स्प्रिंगचा कडकपणा बदलत नाही. फक्त ती कुठून दबू लागते ते बदलते. ब्रेक मारल्यावर फोर्क तितकाच खोल जातो. शिवाय ऑइल काढले तेव्हा एका पायात दुसऱ्यापेक्षा पातळी वीस मिलिमीटर खाली होती.

या गाडीच्या फोर्कमध्ये साधी डॅम्पिंग रॉड असते, म्हणजे ऑइल ठरावीक भोकांतूनच ढकलले जाते. भोकातून जाणाऱ्या ऑइलचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. त्यामुळे सावकाश हालचालीत, म्हणजे ब्रेक मारताना फोर्क डोके टेकतो तेव्हा, विरोध फार कमी पडतो; आणि ट्रॅकवरच्या टोकदार उंचवट्यावर, हालचाल झपाट्याने होते तेव्हा, तोच विरोध इतका वाढतो की फोर्क दगडासारखा लागतो. ऑइल जाड केले तर पहिले दुखणे कमी होते आणि दुसरे वाढते. यावर मालकांमध्ये रुळलेला उपाय म्हणजे रॉडच्या डोक्यावर इम्युलेटर नावाची स्प्रिंगची झडप बसवणे, जी दाब वाढला की उघडते आणि ऑइलला वाट देते. पण ती नीट चालण्यासाठी रॉडमधली मूळ भोके ड्रिलने मोठी करावी लागतात, म्हणजे रॉड स्वतः अडवायची थांबते.

इथे काकांनी मला थांबवले. "हे परत फिरवता येणार नाही, एवढे लक्षात ठेव," ते म्हणाले. "स्प्रिंग बदललीस तर जुनी ठेवून दे. भोक मोठे केलेस की ते मोठेच." मी दोन दिवस विचार केला, माझ्या वजनाला योग्य स्प्रिंगा आणल्या, आणि मग भोके मोठी केली. कोणत्या मापाची, किती, ऑइल कोणते आणि किती पातळीवर, हे सगळे एका वहीत लिहिले. ती वही गाडीच्या कागदपत्रांच्याच पाकिटात ठेवली आहे.

सल्ले पारखायचे कसे, याबद्दल या काळात माझे एक मत तयार झाले. "मी असेच केले आणि काही झाले नाही," हा मालकांच्या बोलण्यातला सगळ्यात दुबळा पुरावा आहे. ब्रेक ऑइल वर्षानुवर्षे न बदलता काही न झालेले लोक मला भेटले. पण ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते. डॉट ४ प्रतीच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो आणि ओलावा शिरलेल्याचा किमान १५५, आणि हा फरक रस्त्यावर कधी कळत नाही, ट्रॅकवर सलग ब्रेक मारताना कळतो, जेव्हा आतल्या वाफेमुळे लिव्हर हँडलपर्यंत येतो. उलट, "माझे हे मोडले, आणि असे मोडले," म्हणून हातात तुटका भाग ठेवणारा माणूस शंभर मतांना भारी असतो. मी ब्रेकचे ऑइल बदलले, कॅलिपर ज्या पिनांवर सरकतात त्या साफ करून ग्रीस लावले आणि हवा काढून झाल्यावर लिव्हर रात्रभर दाबून बांधून ठेवला. सकाळी तो टणक होता. कूलंटच्या जागी डिस्टिल्ड पाणी आणि गंजरोधक घातले, कारण अनेक ट्रॅकवर कूलंटमधले ग्लायकोल चालत नाही, ते सांडले तर सहज धुतले जात नाही आणि निसरडे राहते. टायरवरचे चार आकडे वाचून उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष पाहिले आणि भरपूर नक्षी उरलेले ते टायर काढून टाकले. जुन्या रबराची पकड नक्षीवरून कळत नाही. टेप लावलेल्या वायरी ताईंनी माझ्याशेजारी बसून एकेक झाळून दिल्या.

शेवटी टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला ढकलणारा कॅम यांच्यातले अंतर. हे काम मी पुढे ढकलत होतो, कारण इंजिन अतिशय शांत चालत होते. काका म्हणाले, "वाजणारा टॅपेट बरा असतो रे. गप्प झालेल्याची काळजी करावी." वापराने व्हॉल्व्ह आपल्या बैठकीत हळूहळू रुतत जातो, त्यामुळे वरचे अंतर कमी होते आणि आवाजही. अंतर संपले की व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही, आपली उष्णता बैठकीला देऊ शकत नाही आणि जळतो. या इंजिनात थंड असताना इनटेकला ०.१० ते ०.२० आणि एक्झॉस्टला ०.२० ते ०.३० मिलिमीटर अंतर हवे. दोन्ही सिलिंडरांसाठी चक्रावर वेगळ्या खुणा असतात, त्या जुळवत आम्ही फीलर गेजच्या, म्हणजे ठरलेल्या जाडीच्या, पट्ट्या घालत गेलो. इनटेकचे चारही व्हॉल्व्ह ठीक होते. पुढच्या सिलिंडरच्या एका एक्झॉस्टला ०.२० ची पट्टी शिरेना, ०.१७ ची, चरबट ओढ देत, शिरली. कॅमशाफ्ट काढून खालचा १.७५ मिलिमीटर जाडीचा शिम, म्हणजे हे अंतर ठरवणारी चकती, बदलून १.६५ चा घातला. पुन्हा मोजले, ०.२७. काकांनी स्वतः पट्टी घालून पाहिली, मान हलवली, आणि मग कव्हर बंद करू दिले.

परवाच्या ट्रॅकच्या दिवशी तिसऱ्या फेरीनंतर गाडी स्टँडवर लावली, तेव्हा काकांनी फोर्क किती दबला ते कळावे म्हणून नळीवर बांधलेली प्लॅस्टिकची पट्टी किती सरकली ते पाहिले. तळाला अजून पंधरा-एक मिलिमीटर शिल्लक होते. मी म्हणालो, आता मागचा शॉकॲब्सॉर्बर बदलू या. ते म्हणाले, "अजून दोन दिवस अशीच चालव. मागचा तुला नेमका कुठे नडतो ते मला सांग, मग बघू." त्या रात्री गाडी धुतली, पुढच्या प्लगची टोपी काढून टॉर्च मारला, आणि पाणी बाजूच्या भोकातून थेंब थेंब बाहेर पडताना पाहिले. ताईंनी सांगितलेली ती पातळ तार आता गाडीच्या हत्यारांच्या पेटीत, फीलर गेजच्या शेजारी असते.